पोवळे आणि ओपल : खानदेशच्या सराफ्यातील दोन दूरदेशीचे पाहुणे

१/
जळगावला सुवर्णनगरी म्हणतात. खानदेशात घरी लग्न ठरले की सोने जळगावहून आणायचे, हे जणू आधीच ठरलेले असते. सोन्याचा भाव, कस, घडणावळ यांवर घरातील प्रत्येकाला काही ना काही बोलायचे असते. त्याच सोन्याच्या शेजारी ओवलेल्या लाल पोवळ्याची चौकशी मात्र फारसे कुणी करत नाही. आजचा धागा त्या पोवळ्याविषयी आहे, आणि त्याच काचेच्या पेटीत अलीकडे दिसू लागलेल्या ओपलविषयीही.

२/
जुना दागिना मोडीत देताना काय होते, ते आठवा. सोने तोलले जाते, खड्यांचे वजन वजा होते, लाख असेल तर तिचेही वजन वजा होते. पोवळी कागदाच्या पुडीत बांधून परत मिळतात, आणि हिशेबात त्यांची किंमत शून्य धरली जाते. एके काळी याच पोवळ्यांच्या मोबदल्यात गोवळकोंड्याचे हिरे युरोपात जात होते. तिथपासून या शून्यापर्यंतचा प्रवास कसा झाला, ते पाहू. शेवटी जुने-नवे पोवळे आणि ओपल घेताना काय तपासावे, तेही सांगतो.

३/
आधी ओळख करून घेऊ. पोवळे हे खनिज नव्हे. समुद्रातील सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहतीचा तो सांगाडा असतो, आणि मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला असतो. दागिन्यातील लाल पोवळ्याच्या मूळ जातीचे शास्त्रीय नाव ‘कोरॅलियम रुब्रम’. तिचे घर भूमध्य समुद्र. लक्षद्वीप, अंदमान किंवा कच्छच्या आखातातील प्रवाळभित्ती ज्या प्रवाळांच्या बनतात, ती जात निराळी. तिचे दागिने होत नाहीत. म्हणून आपल्या आजीच्या माळेतील अस्सल लाल पोवळे जवळपास निश्चितपणे परदेशातून आलेले असते.

४/
शब्द मात्र पूर्ण आपला झाला आहे. संस्कृतात ‘प्रवाल’ आणि ‘विद्रुम’, प्राकृतात ‘पवाल’, मराठीत ‘पोवळे’. कन्नडमध्ये ‘हवळ’, तमिळमध्ये ‘पवळम्’. परदेशी वस्तूला इतक्या भाषांत इतके घरगुती नाव मिळाले, यावरून ती किती जुन्या काळापासून येथे रुळली असेल याची कल्पना येते. वैद्यकातही प्रवाळ भस्म आणि प्रवाळ पिष्टी आहेतच.

५/
कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या कोशात घ्यायच्या रत्नांची परीक्षा सांगितली आहे. त्यात प्रवाळाच्या एका प्रकाराचे नाव ‘आलकंदक’ असे येते. अनेक अभ्यासक या शब्दाचा संबंध इजिप्तमधील अलेक्झांड्रिया या बंदराशी जोडतात. म्हणजे माल कोणत्या बंदरातून आला, त्यावरून त्याची प्रत ओळखली जात होती. आज ग्राहक ‘इटालियन की जपानी?’ असे विचारतो. प्रश्न तोच आहे, फक्त बंदरे बदलली.

६/
इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी एक मार्मिक निरीक्षण नोंदवतो. रोमन लोकांना भारतीय मोत्यांचे जितके मोल वाटते, तितकेच भारतीयांना पोवळ्यांचे वाटते, असा त्याचा आशय आहे. ज्याच्या दारात जे पिकते, त्याचे त्याला अप्रूप नसते. दोन समुद्र एकमेकांच्या वस्तूंवर भाळलेले होते, आणि त्या आकर्षणावर व्यापार उभा राहिला.

७/
त्याच शतकातील ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भडोच (बॅरिगाझा) बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. मद्य, तांबे, कथील, शिसे यांच्याबरोबर त्या यादीत पोवळेही आहे. त्याच ग्रंथात पैठण आणि तेर या दख्खनमधील बाजारपेठांचा उल्लेख येतो. पैठणहून मौल्यवान दगड गाड्यांतून भडोचला येत, असे तो सांगतो. आता नकाशा उघडा आणि भडोच ते पैठण अशी रेघ ओढून पाहा. ती खानदेशातून जाते.

८/
या वाटेवर चाळीसगावच्या दक्षिणेस, सातमाळ्याच्या डोंगरात, पितळखोऱ्याची लेणी आहेत. तेथील दानलेखांत पैठणच्या एका गांधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, नाव आढळते. तेथे सापडलेल्या यक्षमूर्तीवरील लेख तर आपल्या विषयाला थेट भिडतो. ती मूर्ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडवली, असे तो लेख सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वी खानदेशच्या उंबरठ्यावर काम करणाऱ्या एका सोनाराचे नाव आपल्याला ठाऊक आहे, ते त्याने सोन्यात नव्हे तर दगडात कोरले म्हणून. सोने वितळते, दगड राहतो. हे वाक्य पुढे उपयोगी पडणार आहे, लक्षात ठेवा.

९/
सहाव्या शतकात वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील रत्नांच्या यादीत प्रवाळ आहे. पुढे नवरत्ने आणि नवग्रह यांची सांगड पक्की झाली, तेव्हा माणिक सूर्याकडे, मोती चंद्राकडे आणि पोवळे मंगळाकडे गेले. खानदेशात या जोडणीला एक स्थानिक पत्ताही आहे : अमळनेरचे मंगळग्रह मंदिर. मंगळवारी तेथे दूरदूरहून भाविक येतात. पोवळ्याची अंगठी घालावी का, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यात दिसते ते असे : भूमध्य समुद्रातील एका प्राण्याचा सांगाडा बोरी नदीच्या काठी पूजाविधीचा भाग झाला.

१०/
मध्ययुगात खानदेशावर फारुकी घराण्याचे राज्य होते. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि ते संपले. त्यांनी वसवलेले बुऱ्हाणपूर हे दख्खनचे दार होते, तर सुरत हे समुद्राचे. या दोहोंना जोडणारा रस्ता तापीच्या खोऱ्यातून जात असे. फ्रेंच जवाहिरा झां-बातिस्त ताव्हर्निये सतराव्या शतकात या रस्त्याने गेला. त्याने दिलेल्या मुक्कामांच्या यादीत नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा ही नावे थोड्या वेगळ्या रूपांत, पण ओळखू येतील अशी आहेत.

११/
ताव्हर्निये हिऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण पोवळ्यावरही त्याने स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. सार्डिनिया, कॉर्सिका आणि उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोवळे कोठे व कसे काढतात, ते तो सांगतो. युरोपात पोवळ्याला रत्नांत फारसे स्थान नसले तरी जगाच्या इतर भागांत त्याला मोठा मान आहे, आणि सामान्य लोक ते गळ्यात व दंडावर घालतात, असेही तो नोंदवतो. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. हिरा राजवाड्यात जात होता, पोवळे सामान्यांच्या अंगावर.

१२/
ही वाट सतराव्या शतकात किती चालती होती, याची आणखी एक खूण म्हणजे धरणगाव. आज जळगाव जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव, पण १६७० च्या दशकात तेथे इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती. कंपनीला येथून मुख्यतः कापड हवे होते. शिवाजी महाराजांच्या फौजांनी त्या काळात धरणगाव आणि चोपड्याच्या पेठांवर स्वाऱ्या केल्या. पेठ श्रीमंत असल्याशिवाय तिच्यावर स्वारी होत नाही.

१३/
आता थोडे गोव्याकडे वळू, कारण पोवळ्याच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रकरण तेथे घडले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीतील लिव्होर्नो येथे एर्गास आणि सिल्व्हेरा ही ज्यू व्यापाऱ्यांची भागीदारी पेढी होती. ती लिस्बनमार्गे गोव्याला पोवळे पाठवी आणि मोबदल्यात हिरे मागवी. गोव्यातील तिचे प्रतिनिधी होते सारस्वत हिंदू व्यापारी. पोर्तुगीज पत्रांत ‘कामोतिम’ असे लिहिलेले घराणे त्यांत ठळक दिसते.

१४/
विचार करा. एक पक्ष ज्यू, दुसरा हिंदू, मधले जहाज कॅथलिक पोर्तुगिजांचे. दोन्ही पक्षांनी एकमेकांना कधी पाहिलेले नाही. धर्म, भाषा, कायदा काहीच समान नाही. तरीही पत्रांतील शब्दावर माल समुद्रापार जात होता, आणि त्याचा मोबदला यायला वर्षे लागत होती. इतिहासकार फ्रान्चेस्का त्रिव्हेलातो यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या पत्रव्यवहाराचा सविस्तर अभ्यास केला आहे. सराफ्यात आजही ‘विश्वास’ हा शब्द पाटीवर लिहिलेला असतो. त्या शब्दाचा हा एक जुना अर्थ.

१५/
लंडनमध्येही हाच व्यवहार चालू होता. ईस्ट इंडिया कंपनीचा भारताशी व्यापाराचा एकाधिकार होता, पण पोवळे पाठवून हिरे आणण्याची मुभा ती खासगी व्यापाऱ्यांना देत असे. कारण सरळ आहे : भारताला युरोपचा फारसा माल नको होता, सोने-चांदी तेवढी हवी होती. ज्या थोड्या युरोपीय वस्तूंना येथे खरी मागणी होती, त्यांत पोवळे होते.

१६/
एकोणिसाव्या शतकात सूत्रे नेपल्सजवळच्या तोरे देल ग्रेको या गावाकडे गेली. तेथील नावा पोवळे काढत आणि तेथील कारागीर ते घडवत. १८७५ ते १८८० या काळात सिसिलीच्या शाक्का किनाऱ्याजवळ समुद्रतळाशी साचलेल्या पोवळ्याचे प्रचंड थर सापडले. त्याचा रंग गडद लाल नव्हता, नारिंगीकडे झुकणारा होता. बाजारात इतका माल आला की भाव कोसळले. म्हणून नारिंगी झाकेचे जुने पोवळे दिसले तर ते लगेच हलके ठरवू नका. त्या रंगालाही एक इतिहास आहे.

१७/
याच सुमारास खानदेशात काय घडत होते? १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि खानदेशी कापसाला अभूतपूर्व भाव आला. त्याच दशकात रेल्वे भुसावळला पोहोचली. शतक संपता संपता तापी खोऱ्यातून सुरतेला जोडणारा लोहमार्गही झाला. नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा अशी त्याची वाट बऱ्याच अंशी ताव्हर्नियेच्या रस्त्याचीच सोबत करते.

१८/
कापसाचा पैसा दागिन्यांत गेला, आणि दागिन्यांची पेठ रेल्वेच्या आश्रयाने वाढली. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले : पूर्व खानदेशाचे ठाणे जळगाव, पश्चिम खानदेशाचे धुळे. राजमल लखीचंद या जळगावच्या पेढीचे स्थापनावर्ष १८५४ सांगितले जाते. रतनलाल बाफना यांची पेढी १९७४ ची. म्हणजे ‘जळगावचे सोने’ ही ख्याती कापूस, रेल्वे आणि पेढ्यांची पत या तिन्हींच्या बळावर उभी आहे.

१९/
मग पोवळ्याचे मोल हिशेबातून कधी गेले? माझ्या मते याचा एक धागा जानेवारी १९६३ कडे जातो. चीनशी युद्ध झाल्यानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी सरकारने सुवर्ण नियंत्रण आणले आणि १४ कॅरेटपेक्षा शुद्ध नवे दागिने घडवण्यास मनाई केली. देशभरातील सोनारांच्या हातचे काम गेले. १४ कॅरेटचा नियम पुढे सुटला, पण १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत कायम होता.

२०/
या सत्तावीस वर्षांत दागिन्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. दागिना म्हणजे मोजायचे, नोंदवायचे, जपायचे सोने. त्यातील खडा, पोवळे, मीनाकाम हे वजनातून वजा करायचे. सराफाची बाजूही समजून घेतली पाहिजे. सोन्याचा कस कसोटीवर लगेच कळतो. जुन्या, झिजलेल्या पोवळ्याची प्रत ठरवणे अवघड, आणि त्याला पुन्हा गिऱ्हाईक मिळेल याची खात्री नाही. म्हणून त्याने शून्य धरले. ही लबाडी नाही. पण शून्य ही त्या पोवळ्याची खरी किंमतही नाही.

२१/
आता ओपल. या नावाची गंमत अशी की ते आपल्याकडूनच गेले, असे बहुतेक भाषाभ्यासक मानतात. संस्कृत ‘उपल’ म्हणजे दगड. त्यावरून ग्रीक ‘ओपालिओस’, लॅटिन ‘ओपालुस’, इंग्रजी ‘ओपल’. भारत हीच ओपलची जन्मभूमी, असे प्लिनीने लिहिले. प्रत्यक्षात रोमनांचे ओपल आजच्या स्लोव्हाकियातील दुब्निकच्या डोंगरातून येत असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. पोवळे परदेशी, पण नाव आपले; ओपलचे नावही आपले, पण दगड परका.

२२/
ओपल नवरत्नांत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ऑस्ट्रेलियात त्याच्या मोठ्या खाणी सापडत गेल्या. कूबर पेडीची १९१५ मध्ये. जन्ममहिन्यांच्या खड्यांची आधुनिक यादी अमेरिकेतील जवाहिऱ्यांच्या संघटनेने १९१२ मध्ये ठरवली, आणि तिच्यात ऑक्टोबरला ओपल दिले. आपल्याकडे शुक्रासाठी हिऱ्याऐवजी स्वस्त पर्याय म्हणून ओपल सुचवण्याची रीत अलीकडची आहे. परंपरा कधी ग्रंथांत जन्मते, कधी बाजारात.

२३/
२००८ मध्ये इथिओपियाच्या वोल्लो प्रांतात ओपलचा मोठा साठा मिळाला. त्यातील बराच कच्चा माल जयपूरला येतो, तेथे पैलू पडतात, आणि मग तो देशभरच्या सराफ्यांत पोहोचतो. ओपलमधील रंगांचे कोडे १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी सोडवले : सिलिकाचे अतिसूक्ष्म गोल ओळीने रचलेले असतात आणि त्यांच्यातून प्रकाश विभागला जातो. शिवाय या दगडात पाणी असते. ही गोष्ट खरेदी करताना फार कामाची आहे.

२४/
येथे खानदेशच्या मातीलाही तिचा मान देऊ. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. त्यातील पोकळ्यांत सिलिकायुक्त पाण्याने अकीक, स्फटिक, झिओलाइट ही खनिजे घडवली. जळगाव परिसरातील खाणींमधले अपोफिलाइट आणि स्टिल्बाइट जगभरच्या खनिजसंग्रहांत ‘जळगाव’ या नावाने मांडलेले असतात. दागिन्यासाठी आपण इथिओपियाचा दगड घेतो, आणि परदेशी संग्राहक जळगावचा दगड शोधतो. प्लिनीचे निरीक्षण अजून शिळे झालेले नाही.

२५/
आता खरेदीकडे. जुने पोवळे पाहताना दहापट मोठे दाखवणारे भिंग जवळ ठेवा. अस्सल पोवळ्यावर लांबीच्या दिशेने बारीक समांतर रेषा दिसतात. एखादे छोटे छिद्र, रंगातील किंचित चढउतार हे दोष नैसर्गिक असतात. जुन्या मण्यांची भोके हाताने पाडलेली, थोडी वाकडी आणि कडेला झिजलेली असतात. सगळे मणी अगदी एकसारखे, एकाच रंगाचे आणि भाव मात्र फारच कमी असेल, तर थांबा.

२६/
नकली पोवळे तीन-चार प्रकारचे असते. काचेत बुडबुडे दिसतात. प्लॅस्टिक हलके आणि हाताला उबदार लागते. ‘बांबू कोरल’ नावाचे वेगळे, स्वस्त प्रवाळ लाल रंगवून विकतात. त्याच्या रेषा जास्त ठळक असतात आणि भेगांत रंग साचलेला दिसतो. भुकटी दाबून केलेल्या मण्यांत रेषाच नसतात. किमती वस्तू असेल तर रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागा. आम्लाचा थेंब टाकून घरी परीक्षा करू नका. त्याने अस्सल पोवळेच खराब होते.

२७/
हॉलमार्कविषयी एक गैरसमज दूर करू. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असणे बंधनकारक आहे. पण तो शिक्का सोन्याच्या शुद्धतेची हमी देतो, खड्याची नाही. म्हणून पक्क्या बिलावर निव्वळ सोन्याचे वजन, खड्याचे वजन, खड्याचे नाव आणि किंमत हे सारे वेगवेगळे लिहून घ्या. ‘लाल खडा’ असे मोघम लिहिलेले बिल पुढे कामाला येत नाही.

२८/
वजनाचीही एक मेख आहे. सोनाराची जुनी रती सुमारे १२१ मिलिग्रॅमची, तर रत्नांच्या बाजारातील पक्की रती सुमारे १८२ मिलिग्रॅमची. दोन्हींना रतीच म्हणतात. पाच रतींचे पोवळे म्हणजे नेमके किती, हे त्यामुळे संदिग्ध राहते. कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, सगळीकडे तेवढेच. वजन कॅरेटमध्ये किंवा ग्रॅममध्ये मागा, म्हणजे दोन दुकानांतील भावांची तुलना करता येईल.

२९/
ओपल घेताना तो एकसंध आहे की पातळ थर चिकटवून केलेला, ते बाजूने पाहा. डबलेट आणि ट्रिपलेटमध्ये जोडाची सरळ रेघ दिसते. ते विकण्यात गैर काही नाही, पण तसे सांगितले पाहिजे आणि भावही त्याप्रमाणे हवा. इथिओपियाचा ओपल बहुधा पाणी शोषतो. भिजला की पारदर्शक होतो, वजन वाढते, वाळला की पूर्ववत होतो. तेल किंवा रंग शोषला तर मात्र डाग राहू शकतो. काळा ओपल स्वस्तात मिळत असेल तर तो रंगवलेला किंवा धुराने काळा केलेला आहे का, हे स्पष्ट विचारा.

३०/
निगा. घरोघरी सोने-चांदी चिंचेच्या किंवा लिंबाच्या पाण्याने उजळतात. पोवळे असलेला दागिना त्यात कधीही बुडवू नका. आम्लाने पोवळ्याची चकाकी जाते. मऊ ओल्या कापडाने पुसा, इतकेच. ओपलला अचानक बदलणारे तापमान सोसत नाही. पारा ४५ अंशांवर नेणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात तो बंद गाडीत ठेवू नका. दागिना झाळायला द्यायचा असेल तर दोन्ही खडे आधी काढून घ्यायला सांगा. ज्योतीची आच त्यांना सोसवत नाही.

३१/
नवे पोवळे घेण्याआधी समुद्राचाही विचार करा. लाल पोवळ्याची फांदी वर्षाला मिलिमीटरच्या अंशानेच जाड होते. भूमध्य समुद्रात आता ५० मीटरपेक्षा उथळ पाण्यातून ते काढण्यास आणि बुडाशी ७ मिलिमीटरपेक्षा बारीक असलेल्या वसाहती तोडण्यास मनाई आहे. कोरॅलियम जातींना आंतरराष्ट्रीय व्यापारात संरक्षण देण्याचे प्रस्ताव २००७ आणि २०१० मध्ये नामंजूर झाले. चीनने मात्र २००८ मध्ये प्रशांत महासागरातील चार जाती ‘साइट्स’च्या तिसऱ्या परिशिष्टात नोंदवल्या. त्यामुळे आधीच काढलेले जुने पोवळे पुन्हा ओवून वापरणे, हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग ठरतो.

३२/
आता कान्हदासाकडे परत येऊ. त्याने घडवलेला सोन्याचा एकही दागिना आपल्याकडे नाही. सोने मुशीत जाते आणि त्याच्याबरोबर घडणही जाते, म्हणून दागिन्यांच्या इतिहासाला पुरावे फार थोडे मिळतात. खानदेशातील घरांत आज शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पोवळ्याच्या माळा असतील, तर त्या कापसाच्या आणि रेल्वेच्या खानदेशाचे दस्तऐवज आहेत. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुनी कागदपत्रे जपली जातात. घरातील दागिना मात्र घरालाच जपावा लागतो.

३३/
मोड देणे चूक आहे, असे मी म्हणणार नाही. शेतीचे नड-निकड, लेकीचे लग्न, दवाखाना यांसाठीच तर सोने साठवलेले असते. मोड देण्याआधी एवढे करा : दागिन्याची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्या. वजन लिहा. तो कुणाचा, कोणत्या गावचा, केव्हाचा, हे आजी-आजोबांना विचारून त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा. अहिराणीत सांगतील तर अहिराणीत. आणि पोवळ्यांची ती पुडी फेकू नका. पटवेकऱ्याकडून ती नव्या दोऱ्यात ओवून घ्या.

३४/
सराफाने शून्य लिहिले, तो त्याच्या वहीचा हिशेब झाला. आपल्या वहीत पोवळ्याच्या नावापुढे भडोच, पितळखोरे, थाळनेर, लिव्होर्नो, तोरे देल ग्रेको एवढी नावे लिहिता येतात. तुमच्या घरात अशी माळ, अंगठी किंवा जुन्या मंगळसूत्रातले पोवळे असेल, तर त्याची हकिकत खाली जरूर लिहा. धागा येथे संपवतो.